इसब : ताटाला दोष देण्यापूर्वी



लहान मुलाच्या गालावर, कोपराच्या वळणात किंवा गुडघ्याच्या मागे लालसर, खरबरीत चट्टा उमटला की घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न, 'याच्या खाण्यात काय आले?' आणि दुसरा, 'याला कसला जंतुसंसर्ग झाला?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दही, वांगे, अंडे, कधी दूध तर कधी शेंगदाणे बंद होतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जंतुनाशक साबण, प्रतिजैविकाची गोळी आणि शेजाऱ्यांनी सुचविलेले मलम घरात येते. महिना उलटतो, मूल खाजवतच राहते. रात्रीची झोप त्याचीही जाते आणि आईवडिलांचीही.

हे दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत. किंबहुना गेली शंभर वर्षे वैद्यकशास्त्र याच दोन प्रश्नांचा माग काढीत आले आहे. मात्र त्यांची जी उत्तरे हाती आली, ती आपल्या घरोघरच्या समजुतींहून बरीच वेगळी आहेत. ती नीट समजून घेतली, तर अनेक मुलांचा उगाच होणारा उपास टळेल आणि औषधांचा गैरवापरही थांबेल.

भिंत आणि तिचा चुना

ज्याला आपण सरसकट इसब म्हणतो, त्यात अनेक विकार येतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला 'अ‍ॅटोपिक डर्मटायटिस' असे नाव आहे. १९२३ मध्ये आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक या अमेरिकी वैद्यांनी दमा, परागज्वर अशा कुटुंबात वारशाने येणाऱ्या प्रवृत्तीला 'अ‍ॅटोपी' हा शब्द दिला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जागा सोडून असलेले', म्हणजेच विलक्षण. पुढे १९३३ मध्ये वाइज आणि सुल्झबर्गर यांनी तो शब्द इसबाला जोडला. आपल्याकडेही हा विकार नवा नाही. खाज, पुटकुळ्या आणि स्राव ही लक्षणे असलेल्या 'विचर्चिके'चा उल्लेख चरकसंहितेत क्षुद्रकुष्ठांमध्ये आढळतो.

विसाव्या शतकातील बराच काळ असे मानले गेले की, दोष रक्तात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अतिरेकात आहे. त्वचेवर दिसतो तो केवळ त्याचा परिणाम. या समजुतीला मोठा धक्का बसला तो २००६ मध्ये. स्कॉटलंडमधील डंडी येथील आयर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, 'फिलॅग्रिन' नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातील दोष हे इसबाचे एक प्रमुख कारण आहे. युरोपीय वंशाच्या सुमारे ९ टक्के लोकांत हा दोष असतो.

फिलॅग्रिनचे काम काय? त्वचेचा सर्वांत वरचा थर एखाद्या दगडी भिंतीसारखा आहे. मृत पेशी म्हणजे दगड आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य म्हणजे चुना. फिलॅग्रिन या दगडांना घट्ट रचते. त्याचे विघटन झाले की जी द्रव्ये तयार होतात, ती त्वचेतील पाणी धरून ठेवतात आणि तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी राखतात. हे प्रथिन कमी पडले की भिंतीला भेगा पडतात. आतले पाणी उडून जाते म्हणून त्वचा कोरडी पडते. बाहेरचे पदार्थ आणि जंतू आत शिरतात म्हणून ती सुजते.

हा जनुकीय दोष असलेल्या प्रत्येकाला इसब होतेच असे नाही, आणि इसब असलेल्या अनेकांत तो दोष सापडतही नाही. तथापि एक गोष्ट या संशोधनाने पक्की केली. इसबात भिंतीचा विचार आधी करावा लागतो, ताटाचा नंतर.

सोनेरी गुच्छ

आता जंतूंकडे वळू. निरोगी त्वचेवर जंतू नसतात, ही समजूत मुळातच खोटी आहे. आपल्या त्वचेवर असंख्य जीवाणूंची वसती असते आणि त्यातील बहुतेक उपद्रवी तर नाहीतच, उलट उपकारक आहेत. प्रश्न असतो तो या वसतीतील समतोलाचा.

१८८० च्या सुमारास अ‍ॅबर्डीन येथील शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवातील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे गोल जीवाणू आढळले. त्यांनी त्यांना 'स्टॅफिलोकॉकस' म्हटले. ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घड. १८८४ मध्ये जर्मन वैद्य रोझेनबाख यांनी यातील सोनेरी रंगाच्या वसाहती करणाऱ्या जातीला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, असे नाव दिले.

हाच स्टॅफिलोकॉकस ऑरियस इसबाच्या कथेतील मुख्य खलपात्र होय. १९७४ मध्ये लेडन, मार्पल्स आणि क्लिगमन यांनी इसबाच्या चट्ट्यांवर तो मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखविले. २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. इसबाच्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या चट्ट्यांवर हा जीवाणू सापडतो आणि त्यांच्या वरकरणी निरोगी दिसणाऱ्या त्वचेवरही ३९ टक्क्यांमध्ये तो असतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी जनुकीय तंत्राने मुलांच्या त्वचेवरील सर्व जीवाणूंची मोजदाद केली. इसब भडकले की त्वचेवरील जीवाणूंची विविधता घटते आणि स्टॅफिलोकॉकसचे वर्चस्व वाढते. उपचारांनी त्वचा शांत होऊ लागली की विविधता परतते, असे त्यांना आढळले.

हा जीवाणू तिथे का रमतो? एक म्हणजे त्वचेची आम्लता कमी झालेली असते आणि ते त्याच्या पथ्यावर पडते. दुसरे म्हणजे त्वचेची स्वतःची जंतुनाशक द्रव्ये इसबात कमी पडतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. तिसरे कारण अधिक मनोरंजक आहे. कॅलिफोर्नियातील रिचर्ड गॅलो यांच्या चमूने २०१७ मध्ये दाखविले की, निरोगी त्वचेवरील काही सौम्य जीवाणू स्वतःच अशी द्रव्ये बनवितात, की जी स्टॅफिलोकॉकस ऑरियसला मारतात. इसबाच्या रुग्णांत हे पहारेकरीच कमी झालेले असतात.

तो तिथे बसून करतो तरी काय? त्याची विषद्रव्ये प्रतिकारशक्तीला चिथावतात आणि त्याचे विकर त्वचेची भिंत आणखी कुरतडतात. २०२३ मध्ये हार्वर्डमधील आयझॅक च्यू यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट उघड केली. या जीवाणूचे एक विकर त्वचेतील मज्जातंतूंना थेट चेतविते आणि खाज उत्पन्न करते. म्हणजे सूज येण्याची वाटही तो पाहत नाही. खाज सुटली की मूल खाजवते, खाजविल्याने भिंत फाटते आणि फाटलेल्या भिंतीत त्याला आणखी जागा मिळते. असे हे दुष्टचक्र आहे.

मग प्रतिजैविके का नकोत?

येथे कोणीही म्हणेल, की खलपात्र सापडले, आता त्याला मारा म्हणजे झाले. तर्क सरळ आहे. पण अनुभव तसा नाही.

ब्रिटनमध्ये ११३ मुलांवर एक चाचणी झाली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इसबात सौम्य संसर्ग झाल्याची लक्षणे असलेल्या या मुलांपैकी काहींना पोटात घेण्याचे प्रतिजैविक, काहींना प्रतिजैविकाचे मलम आणि काहींना औषधविरहित पर्याय देण्यात आला. सर्वांची मृदुकारी मलमे आणि स्टेरॉईडचे नेहमीचे उपचार चालूच होते. प्रतिजैविकांनी उल्लेखनीय असा कोणताही अधिक लाभ झाला नाही. २०१९ मध्ये कोक्रेन संस्थेने ४१ अभ्यासांचा आढावा घेतला. केवळ हा जीवाणू कमी करण्यासाठी केलेल्या उपायांनी इसब सुधारते, असा भक्कम पुरावा त्यातही मिळाला नाही.

याचे कारण उघड आहे. प्रतिजैविक वाईट जीवाणूंबरोबर पहारेकऱ्यांनाही मारते. भिंत फुटलेलीच राहते, त्यामुळे औषध थांबताच सोनेरी गुच्छ परत येतात; काही वेळा ते औषधाला न जुमानणारे होऊन येतात. उलट, भिंतीची सूज शमविली, तर जीवाणू आपोआप घटतो. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले 'डुपिलुमॅब' हे औषध जीवाणूंना हात लावीत नाही, ते केवळ प्रतिकारशक्तीचा विशिष्ट संदेश अडविते. तरीही ते घेणाऱ्यांच्या त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस कमी होतो, असे २०२० मधील अभ्यासात दिसले.

अर्थात खरा संसर्ग झाला, पिवळसर खपल्या धरल्या, पू आला, ताप चढला, तर प्रतिजैविक हवेच. ते वैद्यांनी ठरवावे. आणि एकसारख्या आकाराचे, वेदना देणारे, मधोमध खोलगट फोड एकाएकी पुंजक्यांनी उठले व मूल आजारी दिसू लागले, तर तो नागिणीच्या कुळातील 'हर्पिस' विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेथे एक दिवसाचाही विलंब करू नये.

टोचणीची परीक्षा

आता आहाराच्या प्रश्नाकडे येऊ. मराठीत यासाठी 'वावडे' असा नेमका शब्द आहे. १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडविला, त्यापूर्वीच आपल्या आज्या 'त्याला ते वावडे आहे' असे म्हणत होत्या.

वावडे तपासण्याच्या आजच्या चाचण्यांचे मूळ एका धाडसी प्रयोगात आहे. १९२१ मध्ये ब्रेस्लाउ येथे हाइन्त्स कुस्टनर नावाच्या वैद्यांना मासे खाल्ले की त्रास होई. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्स यांना तसा काही त्रास नव्हता. प्राउस्निट्स यांनी कुस्टनर यांच्या रक्तद्रवाचा अंश स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे तत्काळ गांधी उठली. म्हणजे वावड्याचे कारण रक्तातील एखाद्या द्रव्यात होते आणि ते एका देहातून दुसऱ्या देहात नेता येत होते. ते द्रव्य नेमके कोणते, हे कळायला आणखी ४५ वर्षे लागली. डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन व बेनिख यांनी १९६६-६७ मध्ये ते स्वतंत्रपणे शोधले. १९६८ मध्ये त्याला 'आयजीई' हे नाव मिळाले.

आज होणारी 'प्रिक टेस्ट' याच तत्त्वावर चालते. हाताच्या किंवा पाठीच्या निरोगी त्वचेवर निरनिराळ्या पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवतात आणि त्यातून सुईने हलकेच टोचतात. १५ ते २० मिनिटांनी किती गांधी आली ते मोजतात. ३ मिलिमीटर वा अधिक असेल तर चाचणी होकारार्थी. रक्ततपासणीत त्याच पदार्थाविरुद्धची आयजीई मोजतात. इसब अंगभर पसरलेले असेल किंवा खाजेच्या गोळ्या थांबविणे शक्य नसेल, तेव्हा रक्ततपासणी सोयीची ठरते.

इथवर सारे ठीक आहे. घोळ होतो तो अर्थ लावण्यात. होकारार्थी चाचणीचा अर्थ एवढाच, की शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे. तो पदार्थ खाल्ल्याने त्रास होईलच, असे ती सांगत नाही. तो पदार्थ इसबाचे कारण आहे, असे तर मुळीच सांगत नाही. पोलिसांच्या वहीत नाव असणे आणि गुन्हा सिद्ध होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. इसबाच्या मुलांमध्ये एकूण आयजीई बहुधा वाढलेलीच असते, त्यामुळे अशा नोंदी भरमसाट निघतात. नकारार्थी चाचणी मात्र बरीच विश्वसनीय असते. त्या पदार्थाने तत्काळ होणारे वावडे तिने जवळपास निकालात निघते.

डेन्व्हरचा धडा

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. डेन्व्हर येथील 'नॅशनल ज्युइश हेल्थ' या रुग्णालयात आलेल्या १२५ मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. यातील ९६ टक्के मुलांना इसब होते. अनेक मुले मुख्यतः तपासणीच्या अहवालांवरून कित्येक पदार्थ टाळीत होती. तेथील वैद्यांनी रुग्णालयात, आपल्या देखरेखीखाली, हे पदार्थ मुलांना थोडे थोडे खाऊ घालून पाहिले. अशा ३६४ परीक्षा झाल्या. त्यांतील ३२५ परीक्षांत, म्हणजे ८९ टक्के वेळा, मुलाला काहीही झाले नाही. वर्ज्य केलेल्या पदार्थांपैकी बहुतांश पदार्थ ताटात परत आले.

आता आपल्याकडील एखाद्या घराचा विचार करा. समजा, दोन वर्षांच्या मुलीचा अहवाल आला आणि त्यात दूध, गहू, शेंगदाणा, हरभरा, तूर असे सात-आठ पदार्थ होकारार्थी निघाले. घर शाकाहारी आहे. हे सारे काढून टाकले, तर त्या मुलीच्या ताटात उरले काय? भात, बटाटा आणि काकडी. ज्या पदार्थांतून तिला प्रथिने, कॅल्शियम आणि लोह मिळायचे, तेच नेमके गेले. तिचे वजन वाढणे थांबते, इसब तसेच राहते. आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, 'पथ्य नीट पाळले जात नाही म्हणून बरे होत नाही.' या वाक्याचा भार मुलीच्या आईने वाहायचा!

पथ्याची परंपरा आपल्याकडे थोर आहे. परंतु पथ्य हे व्यक्ती पाहून, काळ पाहून आणि परिणाम पाहून ठरवायचे असते. परिणाम न पाहता चालू ठेवलेले पथ्य हे पथ्य नव्हे, तो उपास होय.

पथ्याने इसब सुधारते का, याचाही हिशेब झालेला आहे. २०२२ मध्ये १० चाचण्यांतील ५९९ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. आहारातील पदार्थ वर्ज्य केल्याने झालाच तर किंचित लाभ होतो, तो रुग्णाला जाणवेल इतकाही कदाचित नसेल, असा निष्कर्ष निघाला.

वर्ज्य करण्यात धोका मात्र निश्चित आहे. शिकागोतील एका केंद्राने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदी पाहाव्यात. ज्या मुलांना एखादा पदार्थ खाल्ल्यावर पूर्वी कधीही तत्काळ त्रास झालेला नव्हता, पण इसबासाठी म्हणून तो बंद केला गेला, त्यांपैकी १९ टक्के मुलांना पुढे नव्याने तत्काळ त्रास होऊ लागला. त्यातील काहींना गंभीर स्वरूपाचा. शरीराला एखाद्या अन्नाची सवय तोंडावाटे होत असते. ती मोडली आणि त्वचेच्या भेगांतून मात्र त्या अन्नाचे कण आत जात राहिले, तर शरीर त्याला शत्रू मानू लागते.

हा विचार लंडनचे गिडियन लॅक यांनी मांडला. इस्रायलमधील ज्यू मुलांना शेंगदाण्याचा खाऊ लहानपणीच मिळतो आणि ब्रिटनमधील ज्यू मुलांना मिळत नाही. ब्रिटनमधील मुलांत शेंगदाण्याचे वावडे इस्रायलच्या तुलनेत सुमारे दसपट आढळते, असे त्यांच्या गटाने २००८ मध्ये दाखविले. त्यानंतर त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर चाचणी केली. तिचा निकाल २०१५ मध्ये आला. सुरुवातीला टोचणीची चाचणी नकारार्थी असलेल्या मुलांत, शेंगदाणे टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी वावडे झाले. नियमित खाणाऱ्यांत केवळ १.९ टक्के. ज्यांची चाचणी सौम्य होकारार्थी होती, त्यांच्यातही हेच प्रमाण ३५.३ विरुद्ध १०.६ टक्के असे होते. चाचणीत गांधी उठली म्हणून ज्यांना शेंगदाणा कायमचा बंद झाला असता, अशाच कित्येक मुलांना तो खाऊ घातल्याने संरक्षण मिळाले. अर्थात तीव्र इसब असलेल्या बाळाला तो प्रथम द्यायचा तर वैद्यांच्या सल्ल्यानेच, आणि दाणा कधीही अख्खा नव्हे, तर वाटून.

दोन प्रश्नांची गाठ

आरंभी म्हटलेले दोन प्रश्न, जंतूंचा आणि अन्नाचा, येथे एकमेकांना भेटतात. याच चाचणीतील मुलांच्या त्वचेवरील व नाकातील जीवाणूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला, त्यांच्यात अंडे व शेंगदाणा यांविरुद्धची आयजीई अधिक होती. इसब किती तीव्र आहे हे हिशेबात घेऊनही हा संबंध टिकून राहिला. अंड्याचे वावडे त्यांच्यात अधिक काळ राहिले. म्हणजे वावडे जणू अन्नातून आले असे वाटत असताना, त्याची वाट त्वचेवरील जीवाणूंच्या मुलखातून जात असावी. ताटातील पदार्थ काढून ही वाट बंद होत नाही. ती बंद होते त्वचेची निगा राखल्याने.

मग चाचणी कधीच करू नये का? अवश्य करावी, पण कारण असेल तेव्हा. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठल्या, ओठ वा डोळे सुजले, उलटी झाली, धाप लागली, तर त्या नेमक्या पदार्थाची चाचणी हवी. तान्ह्या बाळाचे मध्यम वा तीव्र इसब नीट उपचार करूनही आटोक्यात येत नसेल, तरीही तज्ज्ञांनी विचार करावा. मात्र एकाच वेळी शंभर-दीडशे पदार्थांची यादी तपासून घेणे हे जाळे टाकून मासे मोजण्यासारखे आहे. आणि 'आयजीजी' मोजून अन्नाची असहिष्णुता सांगणाऱ्या तपासण्यांना तर युरोप, अमेरिका आणि कॅनडा येथील वावडेतज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्टपणे निरुपयोगी ठरविले आहे. आयजीजी असणे म्हणजे तो पदार्थ आपण खातो, एवढेच.

स्पर्शाचे वावडे

प्रौढांच्या इसबात आणखी एक चाचणी फार उपयोगी ठरते, ती म्हणजे 'पॅच टेस्ट'. १८९५ मध्ये योझेफ याडासोन यांनी ती प्रचारात आणली. संशयित द्रव्ये पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवतात आणि त्यानंतर त्वचेवर काय उमटले ते वाचतात. येथे आयजीईचा संबंध नाही. हे स्पर्शाने होणारे, सावकाश उमटणारे वावडे आहे.

याचे महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्याच्या परिसरात गाजरगवत प्रथम नोंदले गेले आणि पाहता पाहता ते माळरानांवर, शेतांच्या बांधांवर आणि रेल्वेमार्गांच्या कडेने देशभर पसरले. त्यातील 'पार्थेनिन' या द्रव्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर चिवट इसब होते. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अशा रुग्णाने दही-वांगे कितीही वर्षे सोडले, तरी काय उपयोग? कारण बांधावर उभे आहे. तीच गोष्ट टिकलीच्या डिंकाची, नकली दागिन्यांतील निकेलची आणि सिमेंटमधील क्रोमियमची. येथे योग्य चाचणी झाली, तर कारण नेमके कळते आणि ते टाळताही येते.

घरी काय करावे?

उपचारांचा पाया साधा आहे, पण तो सातत्य मागतो. कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटे स्नान. घासणी, उटणे आणि उग्र साबण वर्ज्य. अंग टिपून घेतल्यावर ओलसर त्वचेवर लगेच मृदुकारी मलम लावावे आणि ते दिवसातून निदान दोनदा, सढळ हाताने. मुलासाठी आठवड्याला २५० ग्रॅम मलम लागू शकते. बोटभर ट्यूब महिनाभर पुरवून इसब बरे होत नाही.

महाग मलम परवडत नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. फिलिपिन्समध्ये झालेल्या दोन चाचण्यांत शुद्ध खोबरेल तेलाने चांगला गुण दिला. २००८ मधील चाचणीत खोबरेल लावणाऱ्या ज्या २० रुग्णांच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस होता, त्यांपैकी चार आठवड्यांनंतर केवळ एकाच्याच त्वचेवर तो उरला. २०१४ मध्ये ११७ मुलांवर झालेल्या चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरले. या चाचण्या लहान आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. सर्वच तेले सारखी नसतात. ऑलिव्ह तेल त्वचेची भिंत अधिक दुबळी करते, असे २०१३ मध्ये शेफील्ड येथे आढळले.

भडकलेल्या इसबावर वैद्यांनी दिलेले स्टेरॉईडचे मलम सांगितले तितके दिवस, सांगितले तिथेच लावावे. त्याबाबत आपल्याकडे दोन टोके दिसतात. एकीकडे भीतीपोटी ते लावतच नाहीत. दुसरीकडे दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉईड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण वर्षानुवर्षे चोळतात. अशा मिश्रणांनी गजकर्णाचे चट्टे दबून पसरतात आणि निदानही चुकते. याच गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉईड मलमे वैद्यांच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत, अशी तरतूद केली. नियम झाला, तो पाळणे दुकानदाराच्या आणि ग्राहकाच्याही हाती आहे.

नखे कापलेली असावीत, कपडे सुती व सैल असावेत, घामानंतर अंग धुवावे. रात्री मूल खाजवते म्हणून त्याला रागावू नये. ती खोड नसते. जीवाणू आणि मज्जातंतू यांनी मिळून लावलेली ती आग असते.

आणि पुढच्या वेळी वावड्याचा अहवाल हाती आला, तर वैद्यांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. हा पदार्थ खाल्ल्यावर मुलाला प्रत्यक्षात कधी त्रास झाला होता का? तो बंद केला तर किती दिवसांनी परत देऊन पाहायचे? आणि त्याऐवजी ताटात काय वाढायचे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, तोवर वाढत्या वयाच्या मुलाच्या मुखातील घास काढून घेण्याची घाई कोणीही करू नये.